वाट पाहणारा गठ्ठा वेगळा करा

प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत वन बीएचके, घरात पाच माणसं. प्रश्न विचारणाऱ्या ताई पतसंस्थेत नोकरी करतात. दर रविवारी त्या घर आवरतात आणि बुधवारपर्यंत पुन्हा तोच पसारा होतो. ऑफिसच्या टेबलावरही ढीग साचलेला असतो. सामान कमी करायचा विषय काढला की सासूबाई दुखावतात. आणि "रात्री अंथरुणाला पाठ टेकली की काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं." सुरुवात कुठून करावी?

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. घर कसं आवरावं असं विचारणारे बहुतेक जण कपाटाबद्दल विचारतात. तुम्ही झोपेबद्दल लिहिलंत, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

मी ३२ वर्षं महसूल खात्यात नोकरी केली. कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार होऊन निवृत्त झाले. मधली सहा वर्षं अभिलेख कक्षात गेली, म्हणजे लाल रुमालात बांधलेल्या दप्तरांच्या सोबतीत. निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन कागदपत्रं आणि कपाटं लावून देते. जास्त करून घरात कुणी गेल्यावर किंवा घर बदलताना बोलावणं येतं. त्यामुळे पसारा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी कागद येतात. पण जे कागदाला लागू पडतं, तेच पातेल्याला आणि साडीलाही लागू पडतं, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता त्याबद्दल शंका उरलेली नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. एका शेतकऱ्याने शेतरस्त्यासाठी अर्ज केला होता. त्यावर मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल मागवलेला होता. ते आजोबा एसटीने तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा मी सांगितलं, "अहवाल यायचाय." तिसऱ्या खेपेला ते काही न बोलता कचेरीच्या पायरीवर बसून राहिले. मला राहवलं नाही, मी टेबल उपसलं. अहवाल येऊन २० दिवस झाले होते आणि तो माझ्याच ढिगात होता. मी आळशी नव्हते, रोज सातपर्यंत बसत होते. पण ज्यावर मला काम करायचं होतं ते कागद, दुसऱ्यांच्या उत्तरासाठी थांबलेले कागद, जुनी परिपत्रकं आणि टाकून द्यायच्या प्रती असं सगळं एकाच ढिगात होतं. त्या संध्याकाळी आमच्या अव्वल कारकूनबाईंनी मला थांबवून घेतलं आणि त्या ढिगाचे सहा भाग करायला लावले.

सरकारी कचेऱ्यांमध्ये याला 'सहा गठ्ठा पद्धत' म्हणतात. पहिला गठ्ठा मी कार्यवाही करायच्या प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे माझं काम झालंय आणि चेंडू दुसऱ्याकडे आहे. तिसरा नियतकालिकांचा, ठरलेल्या तारखांना पाठवायची विवरणपत्रं. चौथा स्थायी आदेशांचा, पुन्हा पुन्हा बघावे लागणारे नियम. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या निकाली प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करायच्या 'ड' वर्गातल्या, म्हणजे वर्षभरच ठेवायच्या, कागदांचा. १९८०च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची नव्याने मांडणी केली आणि 'लखीना पॅटर्न' राज्यभर गाजला. तेव्हापासून टेबलं आणि दप्तरं नीट लावण्याची ही शिस्त पुष्कळांना माहीत झाली. सरकारी आहे म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात, त्याचं मला वाईट वाटतं. मी पाहिलेल्या सगळ्या पद्धतींत दमलेल्या माणसाला पेलेल अशी ही एकच आहे.

आता तुमच्या झोपेकडे येते. तुमचं मन ज्याला "राहिलंय" म्हणतंय, त्यातलं बरंचसं तुमच्याकडे राहिलेलंच नसेल, असा माझा अंदाज आहे. विम्याच्या क्लेमचं उत्तर यायचंय. मुलाच्या दाखल्याचा अर्ज भरून झालाय. शिंप्याकडे ब्लाउज आहे. शेजारणीला डबा दिलाय. गिझरवाला "येतो" म्हणालाय. ही सगळी दुसऱ्या गठ्ठ्यातली कामं. ती पहिल्या गठ्ठ्यातल्या कामांत मिसळली की प्रत्येक वेळी ढिगाकडे बघताना मन सगळीच मोजतं. आणि जिथे आपल्याला काहीच करता येत नाही, तिथे ते जास्त अडकतं.

२०१० साली लॉस एंजेलिसमधल्या ३० जोडप्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी यांनी जोडप्यांना स्वतःचं घर फिरून दाखवत त्याबद्दल बोलायला सांगितलं. त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉलही दिवसभरात अनेकदा मोजलं. ताणाशी निगडित असलेलं हे संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरायला हवं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसाऱ्याचे आणि अर्धवट राहिलेल्या कामांचे शब्द जास्त होते, त्यांच्यात ते हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्यामुळेच हे झालं असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. पण घरी आल्यावरही अंग सैल पडत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर तो तुमचा भ्रम आहे असं कुणाला म्हणू देऊ नका. मला त्यातला 'अर्धवट' हा शब्द महत्त्वाचा वाटतो, कारण पसाऱ्याच्या जोडीने तोही मोजला गेला होता.

दुसरा अभ्यास २०११चा, मॅसिकॅम्पो आणि बॉमिस्टर या मानसशास्त्रज्ञांचा. अर्धवट कामं डोक्यात घुटमळत राहतात. पण ते काम कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की, काम पूर्ण झालेलं नसतानाही, ते घुटमळणं कमी होतं असं त्यांना आढळलं. आमच्या कचेरीतला नियम हाच होता. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर स्मरणपत्राची तारीख हवी. तारखेशिवाय तिथे कागद ठेवायचा नाही.

तर पहिलं काम हे. एक साधी फाईल घ्या, त्यावर 'वाट पाहतोय' असं लिहा. घरात जे जे दुसऱ्याकडून यायचंय, त्याची पावती किंवा नुसती चिठ्ठी त्यात घाला. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: कुणाकडे आहे, आपण कधी दिलं आणि आपण पुन्हा कधी विचारायचं. तिसरी तारीख अंदाजाने टाकू नका, जिथे मुदत ठरलेली आहे तिथे ती माहीत करून घ्या. गृहकर्ज पूर्ण फेडल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला साधारणपणे ३० दिवस. दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार ठरलेली मुदत असते आणि ती त्या कार्यालयात लावलेली असावी लागते. मुदत कळली की त्या तारखेपर्यंत त्या कामाचा विचार करायचं कारण उरत नाही. ज्यांच्या ज्यांच्या घरी मी ही फाईल लावली, त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलेला फरक हाच होता, आणि तोवर कपाटाला हातही लागलेला नव्हता.

बाकीचे गठ्ठे पटकन सांगते. तिसऱ्या गठ्ठ्यासाठी मराठी घरात व्यवस्था आधीपासूनच आहे, भिंतीवरचं कॅलेंडर. 'कालनिर्णय' १९७३ पासून घराघरांत आहे आणि दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आपण त्यावरच लिहीत आलोय. त्याच चौकोनांत विम्याचा हप्ता, मालमत्ता कर, गाडीची पीयूसी, शाळेची फी लिहा. ते मोबाईलमध्येही टाका, हरकत नाही, पण भिंतीवर लिहिलेलं घरातल्या पाचही जणांना दिसतं. चौथा गठ्ठा म्हणजे फ्रिजच्या बाजूला चिकटवलेला एक कागद: सासूबाईंची औषधं आणि वेळा, सगळ्यांचे रक्तगट, प्लंबरचा नंबर, गॅस एजन्सीचा ग्राहक क्रमांक. "आई, ते कुठंय" या प्रश्नांपैकी निम्मे त्या कागदाने मिटतात.

पाचव्या आणि सहाव्या गठ्ठ्यात लोक सगळ्यात जास्त अडकतात. काय ठेवायचं आणि काय फाडायचं हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून सगळंच ठेवलं जातं. सरकारी अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' कायमचा, 'ड' वर्षभराचा, मधले ठरलेल्या मुदतींचे. घरीही तसंच करा.

'अ'मध्ये खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्म, मृत्यू आणि विवाहाचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचं आणि वैधतेचं प्रमाणपत्र, शेवटच्या परीक्षांची गुणपत्रकं. पाच माणसांच्या घरात हे सगळं एका जाड फाईलमध्ये मावतं. 'ब'मध्ये चालू पॉलिसी, चालू कर्जाचे कागद, मुदत ठेवींच्या पावत्या. विषय संपला की त्यातला कागद एक तर 'अ'मध्ये जातो किंवा फाडला जातो. कर्ज फिटल्याचा ना-देय दाखला मात्र मी 'अ'मध्येच ठेवायला सांगते. आयकराचे कागद 'क'मध्ये, आणि मी ते आठ वर्षं ठेवायला सांगते. कुणी कमी सांगेल, पण आठ वर्षांचे कागद एका बॉक्स फाईलमध्ये बसतात, मग घाई कशाला? बाकी सगळं 'ड'. भरलेली वीजबिलं, एटीएमच्या चिठ्ठ्या, जुन्या लग्नपत्रिका, कधीच विकलेल्या मिक्सरची हमीपत्रं. पत्त्याचा पुरावा म्हणून अगदी ताजंच बिल चालतं, त्यामुळे चार वर्षांची बिलं जपून उपयोग होत नाही.

डिजिलॉकरबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. २०१५ पासून ही सोय आहे. तिथे सरकारी खात्याकडून थेट आलेला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः फोटो काढून चढवलेली प्रत तशी मानली जात नाही. म्हणून फोटो चढवला म्हणून मूळ दाखला टाकू नका. उलट सात-बारा उताऱ्याच्या जुन्या झेरॉक्सचे गठ्ठे खुशाल काढा. डिजिटल सहीचा ताजा उतारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कामाला चालतो.

अभिलेख कक्षाने शिकवलेलं आणखी थोडं. रबरबँड काही वर्षांत वितळून कागदाला चिकटतो. टाचणी गंजून कागद खाते. जुना दाखला लॅमिनेट करू नका, ते पुन्हा सोडवता येत नाही. सुती नाडीने बांधा, कोरड्या जागी ठेवा आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाट कागदासाठी कधीच वापरू नका. दुकानाची गुळगुळीत बिलं वर्षभरात कोरी होतात, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढा.

आता वस्तू. रविवारी आवरलेलं घर बुधवारी पुन्हा पसरतं, त्याचं कारण पाहायला मी गेलेल्या घरात आधी काही हलवत नाही. एक दिवस नुसतं बघते, कोणती गोष्ट कुठे पडते. दप्तर सोफ्यावर पडतं, किल्ल्या मायक्रोवेव्हवर, ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर. ती जागा माणसाच्या हाताने निवडलेली असते. जुन्या घरांत दाराशी खुंट्या होत्या, कोनाडे होते, फडताळं होती. आल्या माणसाची टोपी, पिशवी, कंदील जिथल्या तिथे टांगला जायचा. आपल्या फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट हॉल, खुंटी कुठेच नाही. दप्तर आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवायला सांगून सहा महिने ओरडत बसण्यापेक्षा सोफ्याशेजारी दोन खुंट्या ठोका. कारखान्यांतला 'फाइव्ह एस'चा, म्हणजे प्रत्येक वस्तू ठरल्या जागी ठेवायच्या शिस्तीचा प्रकार तुमच्या ओळखीत कुणी चाकणला किंवा पिंपरीला काम करत असेल तर त्याला ठाऊक असेल. पाना ज्या यंत्राला लागतो तो त्या यंत्राशेजारीच टांगतात, मागे त्याची आकृती रंगवलेली असते आणि पाना जागेवर नसला की लांबूनही कळतं. स्वयंपाकघरात तुम्ही हे रोज करता. मिसळणाचा डबा गॅसपाशी असतो, हळद माळ्यावर ठेवायची कल्पना कुणी करत नाही. तोच न्याय कात्रीला, चार्जरला, नेलकटरला लावा.

स्वयंपाकघरात जास्त वेळ थांबावं लागेल, कारण घरात न मागता येणाऱ्या वस्तूंचं दार तेच आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण, लग्नातल्या आहेराच्या वाट्या, वास्तुशांतीचे ट्रे, आइस्क्रीमचे डबे. यातलं काहीही आपण विकत आणलेलं नसतं, म्हणून ते टाकायचा अधिकारही आपल्याला वाटत नाही. पूर्वी याला वाट होती. बोहारीण यायची, जुन्या साड्यांवर पातेलं द्यायची, घासाघीस व्हायची आणि एका दुपारी चार साड्या बाहेर जाऊन एक भांडं आत यायचं. माझ्या आईच्या घरात कपाट कधी ओसंडलं नाही, त्यात त्या बोहारणीचा मोठा वाटा होता. आता सोसायटीचा वॉचमन तिला आत सोडत नाही आणि वाण मात्र येतच राहतं. तेव्हा बाहेर जायची वाट आपल्यालाच तयार करावी लागते. दाराजवळ एक पिशवी कायमची टांगा, फक्त बाहेर जायच्या वस्तूंची. ती भरली की त्याच आठवड्यात निघाली पाहिजे. कुणाला द्यायचं हे आधी ठरवा: कामाच्या मावशींना आधी विचारून, हवं असेल तर, नंतर गरजूंना कपडे पोहोचवणारी एखादी संस्था, नंतर भंगारवाला. जुने मोबाईल, चार्जर, बॅटऱ्या त्या पिशवीत घालू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच द्या. आणि पुढच्या संक्रांतीला तुम्ही स्वतः वाण म्हणून संपणारी वस्तू लुटा: तिळगुळाची वडी, गूळ, उदबत्ती, साबण. चार मैत्रिणी तुमचं बघून तेच करतील.

सासूबाईंबद्दल. त्यांची ट्रंक, त्यांचे डबे, त्यांच्या साड्या यांना त्यांच्या मागे हात लावू नका, एकदाही नाही. कचेरीत कुठलाही अभिलेख नष्ट करायचा तर आधी यादी करून अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. घरातही ज्याची वस्तू त्याची मंजुरी. मी अशा वेळी वयस्क माणसाच्या शेजारी बसते आणि विचारते, "हे कुठून आलं?" बोलू द्यायचं, घाई करायची नाही. एका आजींनी पितळेच्या डब्याची गोष्ट मला तासभर सांगितली, मग तो स्वतःच नातीला दिला. दुसऱ्या एकींनी काहीच सोडलं नाही. तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी एक कपाट पूर्ण मोकळं केलं, त्यांचं सगळं त्यात लावलं, आणि हॉलमधल्या पसाऱ्यावरून सुनेशी होणारी रोजची कुरबुर थांबली. तुमच्याही घरात आधी त्यांना त्यांची पक्की जागा द्या. आपलं सामान सुरक्षित आहे हे कळल्यावर माणूस मोकळं करायला लागतो.

ऑफिसच्या टेबलाचं थोडं वेगळं आहे. तुमचा ढीग तुम्ही एकट्या करत नाही, येणारे-जाणारे वरून टाकून जातात. डाव्या बाजूला एक ट्रे ठेवा, त्यावर 'आवक' लिहा आणि सहकाऱ्यांना सांगा की माझ्यासाठीचा कागद फक्त इथेच. दिवसातून दोनदा तो ट्रे पूर्ण रिकामा करा, सकाळी अकराला आणि दुपारी चारला. रिकामा करणं म्हणजे काम पूर्ण करणं असं समजू नका, प्रत्येक कागद त्याच्या गठ्ठ्यात गेला की झालं. समोर मात्र एकच नस्ती, म्हणजे फाईल, उघडी. कर्जप्रकरणात जामीनदाराचा कागद यायचाय ना? मग ते प्रकरण दुसऱ्या गठ्ठ्यात, तारखेसह. व्हॉट्सॲपवर आलेले कागद हा आजचा सगळ्यात मोठा न दिसणारा ढीग आहे. आल्या दिवशीच कॉम्प्युटरवर उतरवा आणि नावाची सुरुवात वर्षाने करा, नंतर व्यक्ती, नंतर कागद. सहकाऱ्याला फोनवरून सांगूनही मग तो शोधता येतो.

हे सगळं टिकवायला आमच्याकडे साप्ताहिक गोषवारा असायचा. दर सोमवारी प्रत्येक कारकून सांगायचा: मागची शिल्लक किती, आठवड्यात आलं किती, निकाली किती, आता शिल्लक किती. घरी यासाठी २० मिनिटं पुरतात, आणि ती एकटीने काढू नका. यजमान आणि मोठं मूल सोबत बसू देत. 'वाट पाहतोय' फाईल उघडायची, ज्यांची तारीख आली त्यांना कुणी फोन करायचा ते वाटून घ्यायचं. इतके दिवस ही सगळी स्मरणपत्रं एकट्या तुमच्या डोक्यात होती. घरातली बाई पाच जणांचा अभिलेख कक्ष होऊन जगते, आणि तो भार भांड्यांच्या ढिगासारखा कुणाला दिसत नाही. फाईल टेबलावर आली की तो दिसतो, मग वाटताही येतो.

या रविवारी घर आवरू नका. आज रात्री जेवणं झाल्यावर वही घ्या आणि जे जे दुसऱ्या कुणाकडे अडकलंय ते लिहून काढा, प्रत्येकापुढे विचारायची तारीख घाला. बऱ्याच घरांत १५ ते २० नोंदी निघालेल्या मी पाहिल्यात. वही कॅलेंडरखाली टांगून ठेवा. कपाटांना हात लावायचा तो पुढच्या आठवड्यात, आणि तोही आधी खुंट्या ठोकून झाल्यावर.